फुकटाचा पंचनामा

परवा बिलोलीच्या आमच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये बसून मी एक जाडजूड पीडीएफ बारीक करायची खटपट करत होते. वरच्या ऑफिसला काहीही पाठवलं की 'लहान करून पाठवा' असा निरोप उलट येतो. मग फुकटातली कुठली तरी वेबसाइट शोधायची, तिच्यावर फाइल चढवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. तशी एक सापडली. खाली लोकांचे अभिप्राय होते. 'गुड', 'नाइस', 'व्हेरी नाइस'. आणि त्यांच्यात मध्येच हे :

'आज रोजी आम्ही पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर वेबसाइटवर एक फाइल चढविली असता ती लहान होऊन खाली आली. मजकूर शाबूत. मात्र शेवटच्या पानावरचा गोल शिक्का इतका पुसट झाला की, तो शिक्का आहे की चहाच्या कपाचा डाग, हे पंचांस सांगता आले नाही. मध्येच केसांच्या तेलाची जाहिरात उघडली, ती मिटता मिटली नाही. सबब तीन तारे. हा पंचनामा आम्हांस वाचून दाखविला, तो बरोबर आहे.'

मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारी पेपर तपासत बसलेल्या भूगोलाच्या सरांनी मान वर करून पाहिलं. त्यांना काय सांगणार? त्या पंचांतली एक पंच मीच होते.

हा पंचनामा लिहिणारे माणिककाका आता लातूरला, मुलीच्या घराजवळ राहतात. पण मी नांदेडला होते तेव्हा ते आमच्या समोरच्या घरात राहायचे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून ते निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. नांदेड-लातूरचे जेवढे म्हणून आठवडी बाजार आहेत तेवढे त्यांनी पायाखाली घातले होते. लोक त्यांना 'काटेवाले साहेब' म्हणायचे. साहेब बाजारात शिरले की एका टोपलीमागून दुसऱ्या टोपलीमागे निरोप पळायचा आणि साहेब पोचेपर्यंत निम्मे तराजू दुरुस्तीला गेलेले असायचे.

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांनी घरातच तपासणी लावली. दुधाचं माप, गॅसची टाकी, काकूंच्या भाकरीची जाडी. शकुंतलाकाकू पक्क्या किल्लारीच्या. त्यांनी एक दिवस परात त्यांच्यापुढे आपटली आणि सांगितलं, "उद्यापासून तुम्हीच थापा, तुम्हीच मोजा." वैशालीने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, हे फोनवर ऐकलं आणि तिच्या नवऱ्याचा जुना लॅपटॉप वडलांना पाठवून दिला. घर वाचलं. इंटरनेट सापडलं.

तिथे काकांना आयुष्यभर पाहिला नव्हता एवढा मोठा बाजार दिसला आणि त्यात एकही निरीक्षक नव्हता. फोटो साफ करून देणारे, भाषांतर करणारे, आवाज काढून देणारे, बायोडाटा बनवणारे, सगळे 'फ्री, फ्री' म्हणून ओरडत होते. काकांचं म्हणणं साधं होतं. ओट्यावर बसून ते मला कितीदा तरी सांगायचे, "बाई, इकत घेतल्याली वस्तू गिऱ्हाईकच तपासतंय. त्याचा खिसा दुखतो. फुकटाच्या मालाला कोण वाली हाय? खराब निघालं तरी माणूस मनतंय, जाऊ द्या, फुकट तर होतं. तितंच तर काटा मारतेत."

तपासणीची त्यांची पद्धत खात्यातलीच. मोठा वजनकाटा तपासताना म्हणे तेच वजन त्याच्या चारी कोपऱ्यांवर ठेवून बघतात. मध्यभागी सगळेच काटे सज्जन असतात, खोट कोपऱ्यात असते. म्हणून वेबसाइटचेही काकांनी चार कोपरे ठरवले होते. एक लॅपटॉपवर, दुसरा मोबाइलवर. तिसरा परसात पाण्याच्या टाकीमागे, कारण तिथे रेंज कशीबशी यायची. आणि चौथा कोपरा शकुंतलाकाकू. काकू कामात असताना, शक्यतो फोडणी देताना, त्यांच्या हातात मोबाइल देऊन म्हणायचं, "जरा हे दाबून बघ." काकांचा हिशोब असा की चिडलेल्या माणसाच्या हातात जे चालतं ते कुठेही चालतं.

आणि पंच हवेतच. पंच क्रमांक एक मी, कारण मी मराठी शिकवते आणि मजकुरात चूक राहू नये. पंच क्रमांक दोन खाजाभाई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान. काकांनी ओट्यावरून नुसती टाळी वाजवली की खाजाभाई गळ्यातली टेप तशीच ठेवून यायचे. "चलो, बुलावा आया," म्हणायचे.

या खाजाभाईंवरूनच एकदा मोठं महाभारत झालं. फोटोतल्या माणसाच्या मागचं सगळं काढून टाकणारी एक वेबसाइट होती. काकांनी खाजाभाईंचा फोटो मागितला. त्यांनी मोठ्या हौसेने ईदच्या आधीचा, बोकडाच्या गळ्यात हात घालून काढलेला फोटो दिला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि बोकड ठेवून खाजाभाईंना काढून टाकलं. नुसता बोकड, एकटा, पांढऱ्या शुभ्र पार्श्वभूमीवर, निवडणुकीला उभा राहिल्यासारखा.

"मैं बॅकग्राउंड हूं क्या?" खाजाभाई लॅपटॉपला विचारत होते.

काका मात्र चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावून बसले होते. मग त्यांनी लिहिलं : 'सदर यंत्राने पंच क्र. २ यांस पार्श्वभूमी समजून हटविले व बोकड कायम ठेवला. तथापि बोकडाच्या शिंगांची कड अत्यंत सुबक कापली आहे. सबब तीन तारे.'

"मेरेकू निकाल दिया, उसको तीन तारे?"

"शिंगं बघा की, खाजाभाई. केस न् केस सोडलाय. तुम्ही तरी एवढं सरळ कापता का?"

खाजाभाईंनी बरेच दिवस काकांचा पायजमा शिवायला घेतला नाही. टाळी वाजवली तर मशीन जोरात चालवायचे.

दुसरा किस्सा त्या बोलणाऱ्या बाईचा. आपण लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारी एक सोय काकांनी शोधली. आवाज निवडायचे होते, त्यांनी बाईचा निवडला. काय लिहावं सुचेना म्हणून 'माणिकराव, जेवायला चला' असं लिहिलं आणि दाबलं. तो आवाज इतका लाघवी निघाला की मला समोरच्या घरात ऐकू आला आणि मीही जेवायला जावं की काय असं वाटलं. काकू पिठाच्या हाताने बाहेर आल्या.

"कोण हाय ती?"

"मशीन हाय."

"मशीन कवाधरून एवढं गोड बोलाया लागलं?" काकूंनी पदर खोचला आणि लॅपटॉपलाच फैलावर घेतलं, "बोलावलंस नं? मंग ये, वाढ बी तूच!"

अभिप्राय पडला : 'आवाज स्पष्ट व गोड आहे. घरात वापरू नये. चार तारे.'

हे पंचनामे आधी निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर जायचे. तिथून कुठे कुठे गेले कुणास ठाऊक. लोक फोन करून विचारू लागले, "साहेब, ह्ये फोटोवालं चांगलं हाय का?" कोर्टासमोर फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात मी स्वतः ऐकलंय, गिऱ्हाईक विचारत होतं, "माणिकरावानं पास केल्यालं हाय नव्हं?" काकांना याचा अभिमान होता, पण ते तो दाखवत नसत. एवढंच म्हणायचे, "लोकांचा इश्वास हाय. त्यो एकदा उडाला की पुन्यांदा शिक्का मारून येत न्हाई."

नोकरीत असतानाही ते असेच होते. ज्याचा काटा तपासायचा त्याच्या दुकानातला चहा आधी प्यायचा नाही, हा त्यांचा नियम. किल्लारीच्या बाजारात त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचा, काकूंच्या भावाचा, काटा जप्त केला होता. भाऊ म्हणत होता, गंजलाय, लबाडी नाही. काका म्हणाले, गंजलाय हे मलाही दिसतंय, पण गिऱ्हाइकाला कमीच जातंय. त्यानंतर भावाने बरीच वर्षं बहिणीच्या घरची पायरी चढली नाही. पुढे तो यायला लागला, पण त्या मधल्या वर्षांतल्या राख्या काकूंनी कुणालाच बांधल्या नव्हत्या. हे मला काकूंनीच सांगितलं होतं, शेंगा फोडता फोडता, माझ्याकडे न बघता.

म्हणूनच धोंड्याच्या महिन्यात जे झालं ते काकूंना इतकं लागलं.

वैशालीचे यजमान संतोषराव पुण्याची नोकरी सोडून लातूरला परत आले होते. एका मित्राला सोबत घेऊन त्यांनी एक वेबसाइट काढली होती. लग्नाची पत्रिका, साखरपुडा, बारसं, वास्तुशांती, कसलंही निमंत्रण मराठीतून, फुकटात तयार करायचं. पुढेमागे छपाईची कामं मिळतील असा बेत. पैसा मित्राचा होता आणि मित्राने स्पष्ट सांगितलं होतं : अधिक महिना संपला की लग्नाच्या तारखा सुरू होतात, त्यात लोक आले नाहीत तर गाशा गुंडाळायचा. म्हणजे संतोषराव पुन्हा पुण्याला. वैशालीला लातूरच्या शाळेत नोकरी लागली होती. पुण्याच्या त्या काडेपेटीएवढ्या खोलीचं नाव काढलं तरी तिचे डोळे भरायचे.

तर अधिक महिना लागला. तीन वर्षांनी येणारा, जावयाच्या मानाचा. काकूंनी आठवडाभर आधीपासून तयारी मांडली. पुरण भरलेले धोंडे, अनारशांचं वाण, पूर्ण पोशाख, चांदीचं निरांजन, शिवाय एक अंगठी. संतोषराव आणि वैशाली लातूरहून सकाळीच आले. मी काकूंना मदत करायला गेले होते. जावईबापू पाटावर बसले, काकूंनी ओवाळलं, काकांनी अंगठीची डबी पुढे केली.

संतोषरावांनी ती हळूच मागे सारली. "मामा, अंगठी राहू द्या. मला पाच तारे द्या."

"मंजी?"

"आमच्या वेबसाइटला. तुमचं नाव हाय लोकांत. तुम्ही पाच तारे दिले की निम्मं काम झालं."

काकू हसल्या. "द्या की ओ! तुमच्या खिशातून काय जातंय?"

काकांनी डबी मिटली. "तपासल्याबिगर?"

"जावाई हाय त्यो!"

"मेव्हणा बी मेव्हणाच व्हता."

काकूंचं हसू जागच्या जागी वाळलं. पण संतोषराव तरुण माणूस, मालावर भरवसा. ते म्हणाले, "तपासा की मामा. भ्यायला थोडंच हाय कोणी?"

झालं. टाळी वाजली. खाजाभाई, आता रुसवा संपलेले, टेपसकट हजर झाले. ताटं वाढायच्या बेतात होती, पण काकांचा नियम आडवा आला. ज्याचा माल तपासायचा त्याच्या पंगतीला आधी बसायचं नाही.

"मामा, घर तुमचं, जेवण तुमचं," संतोषराव म्हणाले.

"पंगत तुमची हाय," काका म्हणाले आणि लॅपटॉप उघडला.

वेबसाइट देखणी होती. फिकट रंग, कोपऱ्यात इवलासा गणपती. टाकीमागेही भराभर उघडली. काकांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. चौथ्या कोपऱ्याने मात्र साफ नकार दिला. "मी जावयाच्या मालाला हात लावणार न्हाई," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग काकांनी कपाटातून एक लग्नपत्रिका काढली. संतोषराव आणि वैशालीचीच. "खरं वजन टाकून बघावं," म्हणाले आणि मला एकेक नाव सांगू लागले.

मी टाइप करत गेले. आशीर्वादाला आजोबा, आजी. निमंत्रक म्हणून वडील, मोठे काका. सहावं नाव झालं आणि पुढे काही उमटेना. मी पुन्हा दाबलं. नाहीच.

"सहाच बसतेत," संतोषराव म्हणाले. "मुद्दाम तसं ठेवलंय, मामा. आजकाल साधं, सुटसुटीत चालतंय."

"सा?" काकांनी पत्रिका उलटीसुलटी केली. त्यात आशीर्वाद होते, निमंत्रक होते, प्रेषक होते, स्वागतोत्सुक होते, समस्त भाऊबंद होते, माजी सरपंच होते, विद्यमान चेअरमन होते आणि सगळ्यांत खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी पोराटोरांची फौज होती. "सा तर माझे मेव्हणेच हायत. जावाईबापू, तुमच्याच पत्रिकेत तुमचा धाकला सख्खा चुलता बसंना गेलाय."

"पुण्यात असंच करतेत."

"पुण्यात करत असतील. तुमच्या लग्नात निलंग्याचे तुमच्या आत्याचे यजमान मांडवाच्या भाईर उभारले व्हते, जेवले बी न्हाईत. काहून? नाव खालच्या ओळीत आलं मनून. नुस्तं खाली आलं व्हतं! इथं तर न्हाईच. ह्या पत्रिकेनं लग्न लागंल, पण लग्नाला येईल कोण?"

खाजाभाईंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "माणिकराव, दामाद है. आज रहने दो. हफ्त्याभराने टाका."

"आज एखाद्यानं ह्यावर पत्रिका केली आन् त्याचा भाऊ तुटला तर?"

आणि त्यांनी लिहिलं : 'वेबसाइट देखणी व चपळ आहे. परंतु वर व वधू यांच्या खऱ्या पत्रिकेतील नावे टाकली असता बहुतांश नातेवाईक बाहेर राहिले. आमच्या भागात हे चालणार नाही. सबब दोन तारे. तपासणाऱ्याचे मालकाशी नाते आहे, याची नोंद घ्यावी.' आणि दाबलं.

संतोषराव पाटाजवळून उठले ते सरळ चप्पल घालूनच थांबले. "वैशाली, चल."

वैशालीने आईकडे पाहिलं, अण्णांकडे, म्हणजे काकांकडे, पाहिलं आणि पर्स उचलली. धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी पोटी दारातून गेला. काकू चौकटीला धरून उभ्या होत्या. काका लॅपटॉपचं झाकण मिटून बसले होते, हात झाकणावर तसाच. थोड्या वेळाने काकूंनी मला आणि खाजाभाईंना ताटं आणून दिली. जावयासाठी केलेले ते धोंडे आम्ही दोघा पंचांनी मान खाली घालून खाल्ले. इतके चांगले झाले होते की आणखी लाज वाटली.

त्या दिवसापासून काकूंनी काकांशी बोलणं टाकलं. पण संसार बोलल्याशिवाय चालत नाही. मग काकूंनी काय केलं असेल? त्या बोलणाऱ्या बाईला हाताशी धरलं. मोबाइलवर एका बोटाने लिहायच्या आणि दाबायच्या. समोरच्या घरातून मला तो लाघवी आवाज ऐकू यायचा : "माणिकराव, भाकरी झाकून ठेवली आहे." "माणिकराव, दळण आणा." एकदा तर : "माणिकराव, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही." इतकं गोड की शिवी कुठून सुरू झाली ते कळेना.

काका निमूट दळण आणायचे. पंचनामे बंद झाले. ओट्यावर बसायचे, पण टाळी वाजत नव्हती. मी सकाळी कॉलेजला निघायची तेव्हा त्यांच्या स्क्रीनवर तो इवलासा गणपती दिसायचा. मला बघून ते झाकण पुढे ओढायचे. एकदा मात्र न विचारता म्हणाले, "खोटं लिवलं असतं तर पोरगी जेवून गेली असती, बाई. हे मला बी कळतंय." अधिक महिना सरत चालला होता. तो गेला की पुढचा तीन वर्षांनी.

वैशाली मला फोन करायची. "ताई, यांचं काही खरं न्हाई. दिवसभर कॉम्प्युटरपुढं. अण्णांचा पंचनामा वाचतेत, अण्णांना बोलतेत आन् नावांच्या ओळी वाढवतेत. लोकांनी खाली लिहिलंय म्हणे, 'साहेब बरोबर बोलले, आमचे मामा पण बसले नाहीत.'"

आणि मग एका सकाळी टाळी वाजली.

मी साडीच्या निऱ्या हातात धरूनच पळाले. खाजाभाई माझ्या आधी पोचले होते. काका म्हणाले, "तपासणी हाय. दुरुस्तीनंतरची. नियमानं करावी लागते."

मी नावं टाकायला लागले. सहावं बसलं. सातवं बसलं. चुलते, आत्या, आत्याचे यजमान, माजी, विद्यमान, सगळे बसले. नाव बोटाने धरून वरच्या ओळीत नेता येत होतं, म्हणजे मानापमानाचीही सोय झाली होती. खाली पोराटोरांसाठी वेगळी जागा होती. खाजाभाई म्हणाले, "वा! पूरा गाँव बैठ गया."

मग कार्यक्रम कोणता ते निवडायचं होतं. मी यादी खाली सरकवली. लग्न, साखरपुडा, बारसं, जावळ, वास्तुशांती. आणि सगळ्यांत शेवटी : धोंडे-जेवण.

आम्ही तिघेही त्या शब्दाकडे बघत राहिलो.

"हे मागल्या टायमाला नव्हतं," काका म्हणाले. मग म्हणाले, "नोंद घ्या, बाई." मी कशात नोंद घेणार होते? मी नुसती मान हलवली.

"तेच दाबा."

त्यांनी मजकूर सांगितला : आमचे जावई संतोषराव व कन्या वैशाली यांचे राहून गेलेले धोंडे-जेवण, येत्या रविवारी, आमच्या राहत्या घरी, सर्वांना चूलबंद आवतण. म्हणजे घरातल्या कुणीच चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. खाली नावं सांगत गेले, सांगत गेले. किल्लारीचे, बिलोलीचे, निलंग्याचे, संतोषरावांच्या घरचे सगळे. मग म्हणाले, "पाठवून बघा. सगळ्यांकडं उघडतंय का ते कळंल." आणि मी एकेक ग्रुपवर पाठवत गेले.

काका कुठलंही निमंत्रण तपासायला पाठवत तेव्हा खाली ठळक अक्षरात लिहायचे : 'हा नमुना आहे, कोणी येऊ नये.' ते या वेळी राहिलं होतं. खाजाभाईंच्या ते लक्षात आलं.

"नमुना लिखे नै?"

"बसत न्हाई," काका म्हणाले. "जागा संपली."

अख्खं गाव बसवून झाल्यावर! खाजाभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं.

संध्याकाळी किल्लारीहून काकूंच्या भावजयीचा फोन. "वन्सं, रविवारी चूलबंद मनं?" पाठोपाठ बिलोलीहून. पाठोपाठ निलंग्याहून. काकू तरातरा ओट्यावर आल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलल्या, "आवो, किती मानसं सांगितली तुम्ही? डाळ किती भिजवू?"

काकांनी लॅपटॉपमधून मान वर केली नाही. "तपासणी व्हती," म्हणाले. मग काकू आत वळल्या तेव्हा, "जास्तच भिजव."

रविवारी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. खाजाभाईंनी दुकानातले कापडाचे गठ्ठे सोडून मांडव घातला. आलेला प्रत्येक जण आधी मोबाइल उघडून आपलं नाव दाखवत होता. निलंग्याचे पाहुणे तर वरच्या ओळीत होते, ते आनंदाने जागेवर बसेनातच. येईल तो टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन. अकराच्या सुमारास लातूरची गाडी आली. वैशाली उतरली ती धावत आईच्या गळ्यात. संतोषराव मागे उभे, रुमालाने उगीच मान पुसत.

संतोषरावांची वेबसाइट पुढे चालली, वैशाली लातूरलाच राहिली. माझी त्याच सुमारास बिलोलीला बदली झाली आणि नंतर काका-काकूही लातूरला गेले. त्यामुळे काकांना मी डोळे भरून पाहिलं ते त्या दिवशीच.

संतोषराव पाटावर बसले होते. काकूंनी ओवाळलं. पहिला घास घेणार तोच काका म्हणाले, "थांबा."

काकांनी खिशातून मोबाइल काढला, हात लांब धरून काही तरी दाबलं आणि परत ठेवून दिला.

"किती, मामा?" संतोषरावांनी विचारलं. हसत विचारलं, पण घास हातात तसाच होता.

"चार."

"आजबी?" काकू ओरडल्या. सगळी पंगत त्यांच्याकडे बघायला लागली. "एवढं केलं लेकरानं, आन् एक तारा ठेवून काय लोणचं घालताव का त्याचं?"

काका त्यांच्याकडे वळले नाहीत. जावयाकडेच बघत म्हणाले, "पाच दिले तर लोक मनतील, सासऱ्यानं दिले. चार दिलेत. आता मनतील, माणिकरावानं दिले."

संतोषरावांनी मान खाली घालून हातातला घास खाल्ला. "मामी, आणखी एक धोंडा वाढा," म्हणाले. "लई दिवसाची भूक हाय."

काकूंना डोळ्यातल्या पाण्याने काही दिसत नव्हतं. मग काकाच तुपाची वाटी घेऊन वाकले. "बास, मामा, बास," संतोषराव म्हणत होते, ताटावर हात आडवा धरत होते, आणि काका "घ्या ओ" म्हणत बोटांच्या फटीतून तूप ओततच होते.